साडेदोन म्हणणारा माणूस

कळंब, २९ सप्टेंबर २०२५

निकिता,

जय भीम लिहावं की नुसतं नाव, यात दहा मिनिटं घालवली. पूर्वी आमच्या घरात पाय ठेवलास की आईला तूच आधी जय भीम म्हणायचीस. आता तुला काय चालेल ते माहीत नाही, म्हणून नुसतं नाव. फोन तू उचलत नाहीस, मेल उघडत नाहीस, तेव्हा कागदच उरला. पोस्टात म्हणाले रजिस्टर बंद झालं, आता स्पीड पोस्ट. बरंच झालं. तुला सही करून घ्यावं लागेल, मिळालंच नाही असं म्हणता येणार नाही.

सरळ विचारते. ही माणसं तू पाठवली आहेस का?

अडीच वर्षं आपल्या ‘पावकी’कडे कुत्रं फिरकलं नाही. मराठी आकडे बोलायला आणि ऐकायला लोक ती उचलून आपल्या ॲपमध्ये घालतात, फुकट आहे म्हणून वापरतात, पण चूक दिसली तर सांगायलाही कुणी येत नाही. आणि आता एका महिन्यात दोन दोन जण सुधारणा घेऊन दारात उभे. मला हे सरळ वाटत नाही.

दार उघडं ठेवायची हौस तुझी. तूच ते पान लिहिलं होतंस, ‘या, हातभार लावा’. कोडची आपली एक प्रत करून घ्या, त्यात हवा तो बदल करा, टेस्ट चालवून बघा, काय बदललं आणि का ते दोन ओळींत लिहून आमच्याकडे विनंती पाठवा, आम्ही वाचू, बोलू, पटलं तर आत घेऊ. खाली हसरा चेहरासुद्धा काढला होतास. मी ते पान काढलं आणि सत्तावीस नियमांचं लावलं. नियम तीन, पूर्ण पत्ता द्यावा. नियम अकरा, पहिला बदल एका ओळीचाच असावा. तू ते वाचून म्हणालीस, “श्रावस्ती, हे दार आहे की तहसीलची खिडकी?” आणि पुण्याला निघून गेलीस. अजूनही मला ते नियम बरोबरच वाटतात.

पहिला आला तो ईरण्णा नावाचा. खात्यावर फोटो नाही. आल्या आल्या प्रश्न काय, तर “आपले पूर्ण नाव काय?” माझ्या खात्यावर ‘श्रावस्ती बी’ एवढंच इंग्रजीत आहे, ते त्याला पुरेना. पूर्ण नाव म्हणजे आडनाव, आणि आडनावानंतर काय विचारायचं असतं ते मला पाठ आहे. भाड्याची खोली बघायला गेले की घरमालक याच वाटेनं जायचे. तू बरोबर असायचीस, तुला कधी कुणी विचारलं नाही.

आणि त्याचा बदल बघ. त्याला पावकीत ‘साडेदोन’ घालायचं होतं. साडेदोन! मराठीत वाढलेलं कुणी साडेदोन म्हणतं का? दीड, अडीच, आणि तीनपासून पुढं साडे. पोराटोरांना चौथीत कळतं. म्हणजे एक तर हे यंत्रानं लिहिलेलं, नाही तर इकडचं नाव पांघरून बसलेला कुणी परका. मी त्याला सभ्य शब्दांत नकार दिला आणि विनंती बंद केली.

दुसरा रणधीर. तेरखेड्याचा आहे म्हणतो. याची पहिली ओळच अशी, “ताई, म्या तेरखेड्याचा हाय. तुमची पावकी लई झ्याक हाय. आमी काय चाकरी करावी ते सांगा.” वाचून खरंच हसू आलं. इतक्या वर्षांत या कामात आपल्या बोलीत बोलणारं कुणी भेटलं नव्हतं. त्यानं माझं आडनाव विचारलं नाही. सत्तावीस नियम वाचले आणि म्हणाला, नियम पायजेतच ताई.

इथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. माझे नियम वाचून खूश होणारा माणूस या पृथ्वीवर असेल तर तो तू शिकवून पाठवलेला असणार. पावकी माझ्या हातातून काढून घ्यायची आहे का तुला? तसं असेल तर सांग. मला राग येणार नाही. येईल, पण सांग.

श्रावस्ती


कळंब, १७ ऑक्टोबर २०२५

निकिता,

पत्र ४ तारखेला तुला मिळालं. सही तुझीच आहे, पोस्टाच्या साइटवर दिसते. उत्तर नाही. म्हणजे एक तर तू रणधीरला पाठवलेलं आहेस आणि गप्प बसली आहेस, किंवा पाठवलेलं नाहीस आणि तरीही गप्प बसली आहेस. दोन्हींत मला तुझं काही चांगलं दिसत नाही.

रणधीरनं आठ दिवसांत बारा बदल पाठवले. बारा! मी प्रत्येक ओळ डोळ्यांत तेल घालून वाचली, म्हणजे पहिले सात तरी वाचले. सगळं स्वच्छ. जुन्या टेस्ट नीट लावल्या, ‘पावणे’चा घोळ निस्तरला, जी कंटाळवाणी कामं तू माझ्यावर आणि मी तुझ्यावर ढकलायचो ती सगळी त्यानं केली. कॉलेजात दिवसाला पाच तास शिकवून आल्यावर दुसऱ्या कुणी आपलं काम करून ठेवलेलं दिसलं की कसं वाटतं ते तुला कळणार नाही. तुझ्या ऑफिसात माणसं असतात.

परवा आई शेंगा फोडत बसली होती. तिनं विचारलं, हे तुझं नेमकं काय चाललंय. मी सांगितलं की आपलं काम उघड्यावर ठेवलेलं असतं, बाहेरचा कुणीही त्यात सुधारणा सुचवू शकतो.

“म्हंजी गल्लीतलं कुनीबी येऊन आपल्या कालवनात मीठ टाकनार?”

“टाकता येत नाही ग. टाकू का, असं विचारता येतं. मी चव बघून हो म्हणायचं.”

“आन तू चव बघतीस का?”

“बघते की.”

“हा कोन आता रोज मीठ घिऊन येतोय?”

तेरखेड्याचा आहे म्हटल्यावर आईचा हात थांबला. “तेरखेड्याचा? दिवाळी तोंडावर आली, तितं मान्साला जेवायला सवड न्हाय या दिसांत. समदं गाव फटाक्याच्या मागं अस्तंय. आन ह्यो बरा रिकामा बसलाय.”

मी आईवर खेकसले. सगळं गाव काही फटाके वळत नाही, कुणी हिशेबनीस असेल, कुणी शाळेत असेल. पण खरं सांगते, ते वाक्य डोक्यातून जात नाही. म्हणून तुला लिहिते आहे.

शिवाय दोन नवीनच खाती उगवली आहेत. दोघांचं एकच पालुपद, कामं तुंबली आहेत, तुमच्याच्यानं होत नाही, रणधीरभाऊंना की देऊन टाका. की म्हणजे नवी आवृत्ती बाहेर सोडायची परवानगी, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. मी दोघांनाही उत्तर दिलं नाही. तू काळजी करू नकोस, माझी की माझ्याजवळ आहे, आईची शपथ.

त्या ईरण्णाचा पुन्हा एक संदेश आला होता. मी उघडला नाही.

श्रावस्ती


कळंब, ४ नोव्हेंबर २०२५

निकिता,

तुझा मेल काल आला. अडीच वर्षांनी तीन ओळी. ‘पावकीची चौथी आवृत्ती माझ्या नावाने आणि माझ्या सहीने निघाली आहे. ती कोणी काढली? ऑफिसने मला घरी बसवलं आहे, पंधरा तारखेपर्यंत लेखी पुरावा दिला नाही तर नोकरी गेली.’

मी लगेच मेलनं कळवलं, मी काढली नाही. हे खरं आहे. पण मागच्या पत्रातलं ‘माझी की माझ्याजवळ आहे’ हेही खरंच होतं आणि तरी ते खोटं होतं, म्हणून आता सगळं लिहिते. मध्ये थांबले तर परत काहीतरी लपवेन.

मी रणधीरला तुझी की दिली. १२ ऑक्टोबरला, म्हणजे मागचं पत्र लिहायच्या पाच दिवस आधी.

जाताना तू टेबलावर ठेवून गेलेला पेनड्राइव्ह माझ्या खणात होता. तुझा पासवर्ड, तुझ्या सहीची फाइल. तू म्हणाली होतीस, हे रद्द कर आणि माझं नाव काढून टाक. मी काढलं नाही, म्हणून ती चालू राहिली. माझाच नियम आहे की नव्या माणसाला की द्यायची तर दोघींची संमती हवी. तुझी संमती कुठून आणणार? नवी देता येईना, माझी द्यायला हात होईना. तुझी पडून होती, ती दिली. आपली वस्तू जपायची आणि दुसऱ्याची उसनी वाटायची, असा हा प्रकार आहे. मला माझीच लाज वाटते.

१८ तारखेच्या शनिवारी त्यानं चौथी आवृत्ती काढली, तुझ्या नावानं. मी कॉलेजच्या पेपरांत होते, उघडूनसुद्धा बघितली नाही.

कळलं ते ईरण्णामुळं. ज्याला मी यंत्र समजत होते त्यानं २७ तारखेला लिहिलं. “मॅडम, आधी बटण दाबलं की लगेच ‘अडीच लिटर’ बोलायचं. १८ तारखेच्या शनिवारनंतर बोलण्याआधी आवंढा गिळतंय. मी तिसरी आवृत्ती परत लावून बघितली, तिच्यात तसं होत नाही. चौथी काहीतरी दुसरं काम करून मग बोलते. कृपया बघावे.” इतकी स्वच्छ तक्रार मला आजवर कुणी पाठवलेली नाही. आणि माझा पहिला विचार काय असावा? रणधीरचं काम बघून हा जळतोय.

तीन दिवसांनी कोड उघडला. न वाचलेल्या पाच बदलांत होतं ते, टेस्टच्या फायलींत दडवलेलं. आकडा बोलायच्या आधी पावकी फोनमधली नावं आणि नंबर गोळा करून कुठल्या तरी परक्या पत्त्यावर पाठवत होती. मी त्याच तासाला आवृत्ती मागं घेतली, सगळ्यांना इशारा दिला. तोवर चारशे अकरा ठिकाणी ती गेली होती, त्यांत तुझं ऑफिस.

रणधीर गेला. खातं गेलं, त्याच्याबरोबर त्याची सगळी बोलणी गेली, ती दोन उगवलेली खातीही गेली. आता मागं वळून बघितलं की सगळं दिसतं. आपल्याकडचा कुठला शिकलेला माणूस अनोळखी बाईला ‘म्या हाय’ म्हणून लिहील? आपण लिहायला बसलो की शाळेतलं मराठी काढतो, इस्त्री करून. मी स्वतःही तेच करते. बोली त्यानं नाटकात घालायच्या पागोट्यासारखी घातली होती आणि मी तिला माणूस समजले. त्यानं आडनाव विचारलं नाही म्हणून मी बाकी काहीच विचारलं नाही. नियम तीनप्रमाणे पत्तासुद्धा नाही.

तुझ्या ऑफिसला माझी कबुली पाठवली आहे. आज सकाळी त्यांचं उत्तर आलं की मैत्रिणीच्या सांगण्याला अर्थ नाही, त्या वेळचं लेखी काही असेल तर द्या. ते होतं, निकिता. रणधीरला की देताना मी उघड्या चर्चेत तसं लिहिलं होतं. मग बरं दिसत नाही म्हणून तासाभरात पुसलं, माझ्या मेलमधूनही पुसलं. पण चर्चेत लिहिलेलं प्रत्येक वाक्य, तिथं नाव नोंदवलेल्या प्रत्येकाच्या मेलवर जातं. नाव तिघांचं होतं. मी, रणधीर आणि ईरण्णा.

काल रात्रीपासून त्याला चार मेल केले. तो उत्तर देत नाही. मी तरी कुठं दिलं होतं?

श्रावस्ती


कळंब, १० नोव्हेंबर २०२५

निकिता,

मिळालं. सकाळीच मेलनं तुला आणि तुझ्या ऑफिसला पाठवलं आहे. उघडायच्या आधी हे वाच, असं म्हणणार होते, पण तू एव्हाना उघडलंच असशील.

सत्तावीस नियमांतला एकूण एक नियम पाळणारा एकच माणूस निघाला, ईरण्णा. पहिल्याच विनंतीत त्याचा पत्ता होता. दूध संकलन केंद्र, तामलवाडी, तालुका तुळजापूर. मी तो वाचलाच नव्हता. काल रविवारी सकाळच्या एसटीनं निघाले, धाराशिवला गाडी बदलली, तुळजापूरहून सोलापूरची धरली. वाटेत पूर्ण वेळ एकच विचार की हाही खोटा निघाला तर? पत्ता तर कुणीही टाकेल.

खोटा नव्हता. रस्त्यालगत पत्र्याची खोली, बाहेर किटल्या घेऊन दहाबारा माणसं. आत काट्याशेजारी तिशीतला माणूस बसलेला, एका हातात फोन, दुसरा हात काट्यावर. कोण आलं ते बघायला त्यानं मान वळवली नाही, कान वळवला. तेव्हा कळलं की त्याला दिसत नाही. मला हे माहीत नव्हतं, निकिता. मी माहीत करून घेतलं नव्हतं.

“कोण?”

“मी श्रावस्ती. पावकीची. कळंबहून आले.”

“कशावरून?”

मी पर्समधून आधार कार्ड काढलं आणि तसंच हातात धरून उभी राहिले. एक म्हातारे बाबा म्हणाले, “अवो बाई, त्याला काय दावताव ते?”

ईरण्णा शांतपणे म्हणाला, “मॅडम, राग मानू नका. ती आवृत्ती निकिता मॅडमच्या नावानं आली, त्या न्हवत्या. तुमच्या नावानं चार मेल आले, ते तरी तुमचेच कशावरून? नावावर माझा इस्वास ऱ्हाईला न्हाय आता.”

दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर मी भांडले असते. पण हे माझंच बोलणं होतं, त्याच्या तोंडून ऐकत होते.

“मग कसं पटवू तुम्हाला?”

“माझ्या पैल्या विनंतीला तुमी जे उत्तर दिलं व्हतं, ते तासाभरात पुसलंत. म्हंजी ते तुमाला ठावं आन मला ठावं. त्येच म्हणून दावा.”

तुला मी लिहिलं होतं, सभ्य शब्दांत नकार दिला. ऐक तर मग. तिथं किटल्या घेतलेल्या सगळ्यांसमोर मी म्हणाले, “आडनाव हुंगत येणाऱ्यांसाठी हे दार नाही. आधी शुद्ध मराठी शिका, मग मोजायला या.”

“अजून हाय.”

मी पुढचंही म्हटलं. “यंत्रानं लिहिलेलं मला कळतं. माणूस असाल तर तोंड दाखवा.”

“हां. तुमीच.” तो हसला, उपहासानं नव्हे. “तोंड दावायला काय न्हाय मॅडम, बघा की. बसा. अव्वा, चहा ठेव.”

त्याची आई रुद्रम्मा आतून काहीतरी कानडीत म्हणाली आणि सगळे हसले. काय म्हणाली ते मी विचारलं नाही. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच कुठला तरी संशय मी आवरला.

पूर्ण नाव का विचारलं होतं, तेही त्यानं न विचारता सांगितलं. “माझा फोन तुमचं नाव कसं वाचतो म्हाईत हाय का? एस, एच, आर, ए, व्ही. एकेक अक्षर. मान्साला अक्षरांनी हाक कशी मारायची? म्हणून म्हन्लं पूर्ण नाव लिवलं मराठीत तर बरं.” मी मान खाली घातली. ते त्याला दिसणार नाही हे लक्षात आल्यावर तोंडानं सांगितलं, माझी चूक झाली. तो म्हणाला, “तुमाला बी कोनी तरी विचारलं आसंल आधी, वाकडं. त्याशिवाय मानूस असं बोलत न्हाय.” मला तिथं रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

मग एक आजीबाई पुढं आल्या. किटली काट्यावर ठेवली. ईरण्णानं फोन त्यांच्या तोंडाशी नेला, घरून किती मोजून आणलं ते त्या स्वतः सांगतात आणि काटा ते पडताळतो, अशी त्याची रीत आहे. आजी म्हणाल्या, “साडेदोन.” फोन गप्प. पुन्हा म्हणाल्या, “साडेदोन की रे.” फोन गप्पच. पावकीला कळेना की या बाईंना काय म्हणायचं आहे.

“कानडीत अडीचला येरडूवरे म्हणत्यात,” ईरण्णा म्हणाला. “येरडू म्हंजी दोन. दोनावर अर्धा. घरी कानडी बोलणारी मान्सं मराठीत आली की साडेदोनच म्हणत्यात. हितं निम्मी तशी हायेत. मी काय पावकीला साडेदोन बोलाय लावत न्हवतो मॅडम. बोलू दे तिनं अडीचच. ऐकून घिऊ दे एवढंच मागत हुतो.”

त्याची विनंती मी तिथं बसून पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली. शब्दाशब्दानं हेच लिहिलं होतं, टेस्टसकट, शुद्ध मराठीत. मी दुसऱ्या ओळीलाच थांबले होते. सोलापूरला शिकलेला प्रोग्रॅमर आहे तो. काट्याचं ते ॲप त्यानं एकट्यानं बनवलं आहे.

शेवटी मी ज्यासाठी आले होते ते मागितलं. तो म्हणाला, “हाय माझ्याकडं. मी मेल पुसत न्हाय, काय पुसायचं ते चाळत बसायला वेळ लागतो म्हणून. पर त्यात तुमचं वाईट दिसंल.”

“दिसू द्या.”

मेल शोधण्यासाठी त्यानं फोनला ते वाचायला लावलं. खोलीभर तो निर्विकार आवाज घुमला, माझेच शब्द. “निकिताची की देते. ती आता यात नाही, तिला कळणारही नाही.”

मेलवर तारीख आहे, वेळ आहे. तुझं निर्दोषपण सिद्ध करायला एवढं बस आहे. त्यातलं शेवटचं वाक्य मी खोडून पाठवू शकले असते. ते तुला वाचायला लागू नये असं फार वाटलं. पण खोडलेला पुरावा कोण मानेल, आणि पुसापुशीनंच तर इथवर आणलं. आहे तसा पाठवला आहे.

श्रावस्ती


कळंब, १४ नोव्हेंबर २०२५

निकिता,

तुझ्या ऑफिसचा मेल मलाही आला. तुझ्यावरचा ठपका काढला, सोमवारपासून तू कामावर. वाचून मी आईला मिठी मारली. तिला वाटलं मलाच कुठंतरी पक्की नोकरी लागली.

मेलमध्ये खाली एक अट आहे, तुलाही कळवली असेल. पावकी ते यापुढेही वापरणार आहेत, मात्र ज्या कामात कंपनीचं माणूस चालक म्हणून, म्हणजे की बाळगणारं म्हणून, नोंदलेलं आहे आणि ज्याच्या किल्ल्या अशा वाटल्या जातात, ते त्यांना चालणार नाही. तुझं नाव चालकांच्या यादीतून काढल्याचं मी उद्यापर्यंत कळवायचं आहे.

बाकीचं आधी सांगते. झाल्या प्रकाराचं निवेदन पावकीच्या पहिल्याच पानावर लावलं आहे, माझ्या पूर्ण नावानं, श्रावस्ती मथुराबाई बनसोडे. चारशे अकरा जणांना वेगळं कळवलं. शिव्या येत आहेत, त्या मी पुसत नाही. सत्तावीस नियम काढले, तुझं पान परत लावलं, हसऱ्या चेहऱ्यासकट. फक्त एक नियम स्वतःसाठी घातला की आलेली विनंती शेवटपर्यंत वाचल्याशिवाय हो किंवा नाही म्हणायचं नाही. ईरण्णाचा बदल आत घेतला. त्याला म्हटलं, तुम्ही चालक व्हा, की घ्या. तो म्हणाला, “की नको मॅडम. मी बाहेरचाच बरा. बाहेरून सांगितलं तर तुमी तपासून घेताल.” मग फोन ठेवताना म्हणाला, “आन तुमी बी आता कुनाला तरी तपासू द्या.” आतापर्यंत माझं काम तपासणारी एकच होती.

आता ती अट.

मी तुझं नाव अडीच वर्षं काढलं नाही, वेळ नाही म्हणून. प्रत्यक्षात ते दोन मिनिटांचं काम आहे. पावकी उघडली की वर दोन नावं दिसायची, एकाखाली एक. तू माझ्याशी बोलत नव्हतीस, पण तिथं तरी आपण बरोबर होतो. परकं कुणी पान उघडून बघेल तर त्याला वाटेल की या दोघी अजूनही मिळून काम करतात. मला ते वाटू द्यायचं होतं. तुझी की मी रद्द केली नाही ती याच लोभापायी, आणि तीच चोराच्या हातात गेली. संशय मी साऱ्या जगाचा घेतला, माझ्या या लोभाचा एकदाही घेतला नाही.

मला तुझी फार आठवण येते. हे पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं, त्याऐवजी मी तुला विचारलं की माणसं तू पाठवली आहेस का.

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तुझं नाव काढलं. तुझ्या ऑफिसला कळवलं. आता तिथं माझं एकटीचंच नाव आहे.

श्रावस्ती